चार हात, चोवीस मूर्ती

संध्या करताना केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः अशी चोवीस नावं घेतात. चोवीसच का? विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतं. कोणतं आयुध कोणत्या हातात, एवढं बदललं की मूर्तिशास्त्रात मूर्तीचं नाव बदलतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त अंकपाश प्रकरणात नेमकं हेच उदाहरण घातलं आहे. आज आपण त्याला परम्युटेशन म्हणतो.

‘चार वस्तू, चार हात, चार चोक सोळा,’ हा पहिला गैरसमज. उजव्या खालच्या हातात शंख देऊन पाहा. उरलेल्या तीन हातांत चक्र-गदा-पद्म, चक्र-पद्म-गदा, गदा-चक्र-पद्म, गदा-पद्म-चक्र, पद्म-चक्र-गदा, पद्म-गदा-चक्र. झाल्या सहा मूर्ती. त्या हातात चक्र दिलं तरी सहा, गदा दिली तरी सहा, पद्म दिलं तरी सहा. म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४. एक वस्तू ठेवली की पुढच्या जागेसाठी एक पर्याय कमी होतो, सगळी गोम यातच आहे. सूत्र पाठ करण्याआधी मुलांनी या सहा ओळी एकदा हातानं लिहाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

वस्तू थोड्या वाढल्या तर क्रमही थोडेच वाढतील, असं वाटतं. त्याच उदाहरणात दहा हातांचा शंकर आहे, दहा आयुधं घेतलेला. त्याच्या मूर्ती होतात ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मोजली तर विष्णूच्या मूर्ती २४ सेकंदांत संपतात. शंकराच्या मोजायला रात्रंदिवस बरोबर ४२ दिवस लागतात.

वस्तू सारख्या असल्या की हिशेब बदलतो, हेही ‘लीलावती’त आहे. २, २, १, १ या अंकांच्या चार अंकी संख्या २४ नव्हे, सहाच. दोन्ही २ आपसांत बदलले तरी संख्या तीच राहते, १ चंही तसंच. म्हणून २४ ला चारनं भागायचं.

प्रवासी बॅगेच्या तीन आकडी कुलपाला ‘कॉम्बिनेशन लॉक’ म्हणतात, पण कॉम्बिनेशनमध्ये क्रमाला महत्त्व नसतं, कुलपात असतं. शिवाय तिथं आकडा पुन्हा येऊ शकतो, म्हणून शक्यता १०००; तिन्ही आकडे वेगळेच हवेत म्हटलं तर १० × ९ × ८ = ७२०. आणि तीन वेगळे आकडे आठवतात, फक्त क्रम विसरलात, तर जास्तीत जास्त सहा प्रयत्नांत बॅग उघडेल.