कान अळिंबी: ताटात घ्यावी, औषध समजू नये

पूर्णाकाठच्या आपल्या जाफराबादमधून आम्ही बोलतोय. घरातली कामं आटोपली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. कारण आजचा विषयच कानाचा आहे!

झालं असं की, मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत काळी, वेडीवाकडी, कडक झालेली कसली तरी पापुद्रं होती. आधी वाटलं, जळालेलं चामडंच आहे. पुण्याला कामाला असलेल्या मुलानं ते आणून दिलं होतं. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, "आईला दे, यानं रक्त वाढतं." वहिनींचं हिमोग्लोबिन ९ निघालं होतं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शौचाला घट्ट होतं, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांनी आम्हाला विचारलं, "बायांनो, गोळ्यांऐवजी हेच खाल्लं तर चालेल का?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. मग आम्ही माहिती काढली, पाकीट फोडलं, शिजवून खाल्लं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

हे आहे तरी काय?

ही एक अळिंबी आहे, म्हणजे मशरूम. पावसाळ्यात मेलेल्या लाकडावर ती उगवते. हिला ना छत्री, ना देठ. लाकडाला माणसाचा कान फुटावा तशी दिसते, हाताला मऊ, थोडी रबरासारखी लागते. चिनी भाषेत तिच्या नावाचा अर्थच 'लाकडाचा कान' असा आहे. आपण तिला कान अळिंबी म्हणू. चीनमध्ये ती शेकडो वर्षांपासून लावतात आणि खातात. आपल्या देशात मणिपूर, मिझोराम, नागालँडकडच्या घरांत ती खातात. आपल्या भागात मात्र ती सुकवलेलीच येते, तीही शहरातून. हॉटेलातल्या चिनी सूपमध्ये काळे कुरकुरीत तुकडे दिसतात ना, बहुतेक वेळा ते हेच.

इथे एक भीती आधीच काढून टाकू. इंग्रजीत हिला 'ब्लॅक फंगस', म्हणजे काळी बुरशी, असंही म्हणतात. २०२१ साली करोनाच्या लाटेत याच नावाच्या आजारानं आपल्याकडे किती घरं हादरली, ते आपण विसरलेलो नाही. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी वेगळी, ही खायची अळिंबी वेगळी. नाव सारखं म्हणून घाबरायचं कारण नाही.

रक्त वाढतं का?

आता मुद्द्याचा हिशोब. गटाचा हिशोब ठेवतो तसाच हाही मांडू.

कान अळिंबीत लोह किती, हे शोधायला गेलं की दोन फार वेगळे आकडे सापडतात. चीनच्या अन्न-तक्त्यात १०० ग्रॅम सुक्या अळिंबीत सुमारे ९७ मिलिग्रॅम लोह लिहिलेलं आहे. अमेरिकेच्या तक्त्यात तेवढ्याच मालात जेमतेम ६ मिलिग्रॅम. कुठला माल मोजला, त्यावर आकडे बदलतात. विकणारा अर्थातच मोठा आकडा सांगतो.

पण १०० ग्रॅम सुकी अळिंबी कोण खातं? ती पाण्यात कित्येक पट फुगते. एका माणसाला एका वेळी १० ग्रॅम झाली तरी पुष्कळ. म्हणजे अमेरिकेच्या तक्त्याप्रमाणे पोटात गेलं अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह. चीनचा आकडा खरा धरला तरी १० मिलिग्रॅमच्या आत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली सांगितल्याप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शिवाय वनस्पती आणि अळिंबीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, त्यातला थोडाच भाग शरीर घेतं.

आता आपल्या चुलीकडे बघा. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर ९ मिलिग्रॅमच्या वर लोह ताटात आलं, आणि तेही आपल्याच शेतातलं. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या एका लाल गोळीत असतं ६० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड.

तेव्हा वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. कान अळिंबी गोळीची जागा घेऊ शकत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की पंडुरोग, गरोदर बाईचं ११ च्या खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना पंडुरोग आढळला. म्हणजे गटात दहा जणी बसल्या तर त्यातल्या पाच-सहा. दम लागणं, चक्कर येणं, पायात गोळे येणं याला आपण "कामाचा थकवा" म्हणून सोडून देतो. पाकिटातल्या अळिंबीच्या भरवशावर गोळी बंद केली, तर नुकसान आपलंच.

गोळीचा त्रास होतो हे खरं आहे, पण त्यावर उपाय आहेत. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. घट्ट होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा. तरीही जमलं नाही तर गोळी आपल्या मनानं सोडू नका, आशाताईंना सांगा. किती घ्यायची, बदलून घ्यायची का, ते डॉक्टर ठरवतील.

मग खायची कशाला?

औषध नाही म्हणून वाईट, असं नाही. सुक्या कान अळिंबीत चोथा भरपूर असतो. त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते, भूक लवकर लागत नाही. तेलतूप जवळजवळ नसतंच. १०० ग्रॅममध्ये ९ ते १२ ग्रॅम प्रथिनं असतात. पण इथेही हिशोब तोच: १० ग्रॅममधून मिळालं एक ग्रॅम. म्हणून ही डाळीच्या जागी नाही, डाळीसोबत खायची. ब-१२ जीवनसत्त्वासाठी तर हिच्यावर अजिबात विसंबू नका. त्याला दूध, दही, अंडी, मासळीच लागते.

तिचा खरा गुण म्हणजे चावायला कुरकुरीत. शिजली तरी गळत नाही. स्वतःची चव जवळजवळ नाहीच, ज्या मसाल्यात टाकाल त्या मसाल्याची होते. आपल्या काळ्या मसाल्याला असं गिऱ्हाईक कुठं मिळणार?

शिजवायच्या आधी

हा भाग नीट ऐका. चार-पाच माणसांना २० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, सुकी अळिंबी पुरते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला. भांडं मोठं घ्या. आम्ही पहिल्यांदा वाटीत भिजवली, तर वाटी भरून बाहेर आली! फुगली की ते पाणी फेकून द्या. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, कारण चुण्यांत माती आणि लाकडाचा भुसा अडकलेला असतो. लाकडाला चिकटलेला बुडखा कडक असतो, तो कापून टाका. मग उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा आणि ते पाणीही ओतून द्या.

कच्ची किंवा नुसती भिजवलेली खाऊ नका. २०२० साली अमेरिकेत सुकवलेल्या कान अळिंबीतून साल्मोनेला जंतूंची लागण झाली आणि ५५ जण आजारी पडल्याची नोंद झाली. नीट उकळल्यानं हे जंतू मरतात.

पण एक धोका असा आहे की तो उकळूनही जात नाही. भिजवलेली अळिंबी रात्रभर, दिवसभर उबाऱ्यात पडून राहिली तर तिच्यात एक वेगळा जंतू वाढू शकतो. तो बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं विष तयार करतो. या विषाला चव नाही, वास नाही, आणि शिजवून ते नष्ट होत नाही. चीनमध्ये जास्त वेळ भिजवलेली कान अळिंबी खाऊन माणसं दगावली आहेत. आपल्याला कडधान्य रात्री भिजत घालायची सवय आहे. त्याच सवयीनं हिला रात्रभर ठेवू नका. अर्धा तास, फार तर तासभर, आणि लगेच चुलीवर. उन्हाळ्यात तर घड्याळ बघूनच. बुळबुळीत झाली, आंबूस वास आला तर गुरांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा. विसरून राहिली असेल तर वास नसला तरी टाकून द्या. वीस ग्रॅमचा मोह जिवापेक्षा मोठा नाही.

आम्ही केलेले तीन प्रकार

*काळ्या मसाल्याचा रस्सा.* दोन कांदे आणि थोडं सुकं खोबरं भाजून, लसूण-आल्यासोबत वाटून घ्या. तेलात वाटण परता, दोन चमचे काळा मसाला, हळद, मीठ घाला. मसाल्याला तेल सुटलं की पाणी घाला, उकळी आली की मगच अळिंबीचे तुकडे सोडा. गरम तेलात ओली अळिंबी थेट टाकली की ती फटफट फुटते, तेल अंगावर उडतं. शेवटी अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट घालून दहा मिनिटं उकळू द्या. बाजरीच्या भाकरीसोबत खा, वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

*पीठ पेरून.* अळिंबी बारीक चिरा. मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत कांदा परता, गॅस बारीक करून अळिंबी घाला. वरून वाटीभर भाजलेलं बेसन भुरभुरा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून वाफ आणा. बेसनामुळे प्रथिनांची बाजूही सावरते. डब्याला चांगली.

*मुगाच्या वरणात.* मुगाची डाळ शिजवताना मूठभर शेवग्याचा पाला आणि उकळलेल्या अळिंबीच्या बारीक पट्ट्या घाला. वर लसणाची फोडणी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चावायला त्रास होतो, म्हणून पट्ट्या अगदी बारीक चिरा. लहान मुलांना पहिल्यांदा थोडीच द्या, पोट कसं राहतं ते बघा.

कुणी जपून?

१९८० साली अमेरिकेतल्या डेल हॅमरश्मिट नावाच्या डॉक्टरांना असं दिसलं की, ही अळिंबी घातलेलं चिनी जेवण जेवल्यावर त्यांच्याच रक्तातल्या गोठायला मदत करणाऱ्या पेशी नेहमीसारखं काम करत नव्हत्या. म्हणून घरात कुणाला हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळीत फार रक्त जात असेल तरी विचारूनच खा. गरोदर बाईनंही नवा पदार्थ म्हणून ढीगभर खाऊ नये.

आणि रानातली अळिंबी? पाऊस पडला की बांधावर, उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. "चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे चांगली," "किड्यानं खाल्ली म्हणजे चालते," हे ठोकताळे खोटे आहेत. त्यांच्या भरवशावर घरंच्या घरं दवाखान्यात जातात. ओळखीच्या जाणत्या माणसानं दाखवलेली नसेल, तर लाकडावरची असो की जमिनीवरची, तोडू नका.

गटानं लावावी का?

हा प्रश्न बैठकीत लगेच निघाला. कान अळिंबी लाकडाच्या भुशात कोंडा मिसळून, पिशव्या निर्जंतुक करून लावतात. तिला सतत ओलसर हवा लागते. आपल्याकडे हवा कोरडी आणि उन्हाळा कडक, म्हणून पहिल्याच उडीला ही नको. सोयाबीनचं कुटार किंवा गव्हाच्या काडावर येणारी धिंगरी अळिंबी सुरुवातीला सोपी, आणि तिला ओळखणारं गिऱ्हाईकही आहे. जालन्याजवळ खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर काम चालतं. आधी चौकशी, मग प्रशिक्षण, मग चार पिशव्या, आणि विक्रीची सोय दिसली तरच कर्ज. हा क्रम उलटा करू नका.

तर मैत्रिणींनो, त्या वहिनींनी आमच्यासोबत बसून पाकिटातला रस्सा खाल्ला, त्यांना आवडलाही. आणि दुसऱ्या दिवशी त्या उपकेंद्रात गेल्या. गोळी आता रात्री जेवणानंतर घेतात, गटातली एक जण रोज त्यांना आठवण करते.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपलं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते सांगायचं. ज्यांना आठवत नाही, त्यांनी मिळून एकाच दिवशी उपकेंद्रात जायचं. येताना भूक लागेलच. तेव्हा रस्सा तयार ठेवा, अळिंबीचा नाही तर मटकीचा. नमस्कार!