कागद मागितले म्हणजे प्रवेश मिळाला का?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. घरात बारावीच्या परीक्षेचे वातावरण. पहाटे अभ्यासाला उठलेली मुलगी पुस्तकाआधी मोबाईल उघडते आणि ओरडतेच, ''आई, त्यांचा मेल आलाय!''

अमेरिकेतल्या ज्या महाविद्यालयात तिने पदवीसाठी अर्ज केला आहे, तिथल्या आर्थिक साहाय्य कार्यालयाने वडिलांचे प्राप्तिकर विवरणपत्र आणि पगाराचा दाखला मागितला आहे. मजकूर जेमतेम चार ओळींचा, पण तासाभरात त्याची पारायणे होतात. ''घ्यायचं नसतं तर कागद कशाला मागितले असते?'' हा आईचा युक्तिवाद. वडील वरवर ''बघू या'' म्हणतात, पण ऑफिसात जाताना शीळ घालतात. आजी देवापुढे साखर ठेवते. संध्याकाळपर्यंत बातमी मामाच्या घरी पोहोचते आणि तिकडून थेट अभिनंदनाचा फोन येतो.

तिकडे तिच्याच वर्गातली मैत्रीण रडवेली झालेली असते. तिनेही तिथेच अर्ज केला आहे, मदतही मागितली आहे, पण तिला काहीच आलेले नाही. म्हणजे आपले नाव कटले, असे ती धरून चालते.

दोघींचाही अंदाज बिनबुडाचा आहे. पण जानेवारी ते मार्च हे तीन महिने असे असतात की, माणूस कशातही कौल शोधतो. अर्ज जाऊन पडलेला असतो, हातात करण्यासारखे काही उरलेले नसते आणि निकालाची तारीख लांब असते. अशा वेळी तिकडून आलेला कोणताही मेल देवाच्या उजव्या बाजूने पडलेल्या फुलासारखा वाटू लागतो.

फाईल अपुरी, एवढाच अर्थ

अमेरिकेतल्या महागड्या खाजगी विद्यापीठांचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. म्हणजे आपले सुमारे ७० लाख रुपये. मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना तिथे शिकायचे तर मदतीशिवाय गत्यंतर नसते. त्यासाठी प्रवेश अर्जाबरोबरच बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाईल' हा वेगळा अर्ज भरावा लागतो. त्यात घरातल्या प्रत्येकाचे उत्पन्न, ठेवी, घर, कर्ज, सगळे विचारलेले असते. हा अर्ज जातो आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे. मुलीचे गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे वाचणारी माणसे बसतात प्रवेश कार्यालयात. ही दोन कामे वेगळी, माणसे वेगळी.

साहाय्य कार्यालयाला घाई का असते? कारण निवड झालेल्या मुलाला प्रवेशाबरोबर किंवा लगेच पाठोपाठ मदतीचा आकडाही कळवायचा असतो. निकाल लागल्यावर हजारो फायली उघडून चालणार नाही. म्हणून मदत मागणाऱ्यांचे कागद आधीच गोळा केले जातात, मग त्यांची निवड होवो वा न होवो. अनेकदा तर मेल पाठवणारा माणूसही नसतो. यादीतल्या एखाद्या कागदापुढे खूण नसली की संगणकच स्मरणपत्र धाडतो.

त्यातून आपले कागद तिकडच्या कारकुनाला चक्रावून टाकणारे! त्यांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. शिवाय विवरणपत्रावर 'आकारणी वर्ष' म्हणून पुढचेच साल छापलेले. चुकीच्या वर्षाचा कागद आला असे समजून ते पुन्हा मागतात. आई गृहिणी, तिचे विवरणपत्रच नाही, तर तसे लिहून द्या म्हणतात. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागते. सातबारा मराठीत, त्याचे भाषांतर हवे. राहते घर आजोबांच्या नावावर, मग भाडे का दिसत नाही, असा प्रश्न येतो. वडिलांचे दुकान असेल तर नफातोट्याचा ताळेबंद मागतात.

थोडक्यात, फाईल जितकी गुंतागुंतीची तितके मेल जास्त. त्या मैत्रिणीचे वडील सरकारी नोकर असतील, फॉर्म १६ आणि विवरणपत्र एकमेकांशी जुळत असेल, तर तिला काही विचारण्याचे कारणच उरत नाही. जिच्याकडे काही मागितले नाही, तिची फाईल कदाचित आधीच पूर्ण झालेली असते.

अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांच्या घरीही हाच घोळ होतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो चांगला ठाऊक आहे. त्यांना सरकारी मदतीसाठी 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यातल्या काही अर्जांची अधिक पडताळणी होते आणि 'तुमची निवड पडताळणीसाठी झाली आहे' असे कळवले जाते. 'निवड' हा शब्द वाचून घर हरखते. पण ही निवड बहुधा केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या यंत्रणेने केलेली असते. प्रवेश समितीला त्याचा पत्ताही नसतो. ही दोन गाडी वेगळ्या रुळांवर धावतात हे २०२४ मध्ये सगळ्यांनीच पाहिले. नव्या फाफ्साचा अर्ज नेहमीप्रमाणे ऑक्टोबरमध्ये न येता २०२३ च्या डिसेंबरअखेरीस आला, त्यातली माहिती महाविद्यालयांना मिळू लागली ती मार्चमध्ये. असंख्य मुलांच्या हाती प्रवेशाचे पत्र पडले, पण मदतीचा आकडा कित्येक आठवडे आलाच नाही.

मग त्यात काहीच तथ्य नाही?

थोडेसे आहे आणि म्हणूनच लोक फसतात. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी नावे परदेशी मुलांचीही ऐपत न पाहता निवड करतात. याला 'नीड ब्लाइंड' म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठातही, परदेशी विद्यार्थी किती मदत मागतो हे निवडीच्या वेळी लक्षात घेतले जाते. अशा ठिकाणी दोन्ही कार्यालयांचे बोलणे होते, आणि काही महाविद्यालये निवडीच्या काठावर आलेल्या मुलांच्याच फायली बारकाईने तपासत असतीलही. पण काठावरची काही मुले शेवटी बाहेरच राहतात. शिवाय तो मेल संगणकाने पाठवला की समितीच्या चर्चेनंतर आला, हे घरी बसून ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही.

महाविद्यालयांना खरोखर आधी सांगायचे असते तेव्हा ती आडवळणाने सांगत नाहीत. हार्वर्ड, येल यांच्या गटातली विद्यापीठे काही निवडक मुलांना निकालाआधीच 'लाइकली लेटर' पाठवतात. तुम्हाला प्रवेश मिळण्याची दाट शक्यता आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. त्यासाठी वडिलांचा फॉर्म १६ लागत नाही.

चुकीच्या अंदाजाची किंमत

नुसते हुरळून जाण्याने बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर. आता तिकडचे नक्की, म्हणून जेईई, सीईटी किंवा सीयूईटीचा अर्ज भरायचा राहतो. परीक्षा तोंडावर असताना अभ्यास सैल पडतो. खरे तर तिकडचा प्रवेशही बारावीचे गुण फार घसरले तर रद्द होऊ शकतो.

उलटे नुकसान अधिक मोठे. 'आपल्याला कुठे घेणार आहेत?' असे म्हणत एखादे घर आलेल्या मेलला उत्तरच देत नाही किंवा सीएकडून कागद यायला महिना लावते. फाईल अपुरी राहिली तर मदतीचा विचार लांबतो, काही ठिकाणी होतच नाही. आणखी काही जण, मदत मागितली तर प्रवेश हुकेल या भीतीने अर्जातल्या त्या चौकटीत 'नाही' लिहितात, पुढच्या वर्षी मागू म्हणतात. पण अनेक महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्याने पहिल्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षे ती मागता येत नाही. हा नियम अर्ज करण्यापूर्वीच प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावा.

मेल आला की करायचे काम तसे साधे आहे. मागितलेला कागद दिलेल्या मुदतीच्या आत पाठवायचा. मूळ अर्जातले आकडे आणि कागदावरचे आकडे यांत फरक असेल तर दोन ओळींत कारण लिहायचे. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. 'आमच्या मुलीचे काम होणार का?' हे त्या कार्यालयाला विचारायचे नाही, त्यांना सांगता येत नाही. मामालाही एवढ्यात कळवले नाही तर बरे. मार्चअखेर नकार आला तर त्याच मामाला पुन्हा फोन करायचा असतो, आणि तो फोन बहुधा मुलीलाच करावा लागतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या बड्या विद्यापीठांचे निकाल मार्चच्या शेवटी, तिकडच्या संध्याकाळी सातच्या सुमारास लागतात. तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेचार वाजलेले असतात. होकार आला तर कळवायला साधारण १ मेपर्यंत मुदत असते. मदतीचा आकडा कमी पडत असेल, तर त्याच साहाय्य कार्यालयाला फेरविचाराची विनंती करता येते. वडिलांची नोकरी गेली, घरात कुणाचे मोठे आजारपण निघाले, असे काही मधल्या काळात घडले असेल तर ते कागदांसह लिहावे. फेब्रुवारीत पाठवलेल्या त्या प्रती अशा वेळी पुन्हा उपयोगी पडतात.