तासातासाला एक थेंब : बुरशीचं औषध डोळ्यात टिकवायचं कसं?

कर्जत-खालापूर पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे भातकापणी आणि मग झोडणी. एखादं कुसळ किंवा पात्याचं टोक डोळ्यात जातं, बुबुळावर ओरखडा उठतो आणि फ्युजॅरियम, अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीला वाट मिळते. उपचाराला उशीर झाला तर फूल पडतं, कधी डोळाच जातो. (मेडिकलमधून न विचारता आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर बुरशीच्या पथ्यावरच पडतात.)

औषध आहे की : नॅटामायसिन, ५ टक्के. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजॅरियमवर. पण डोस बघा : पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, पुढे तीन आठवडे पुरे होईपर्यंत दर दोन तासांनी. ऐन कापणीत हे जमवणार कोण?

इतके थेंब का लागतात? डोळ्यावर अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर आणि डोळ्यात मावतं साधारण ३०. थेंब असतो ४०-५० चा. म्हणजे थोडा गालावर, उरलेला काही मिनिटांत अश्रूंबरोबर नाकात. त्यात नॅटामायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, बुबुळात खोल शिरतही नाही.

म्हणून पॉलिमर. कायटोसानवर धनभार असतो, तो डोळ्यावरच्या ऋणभारित म्युसिनला चिकटतो. जेलान गम अश्रूंतल्या क्षारांमुळे घट्ट होतो. पोलोक्झामर ४०७ बाटलीत पातळ, डोळ्याच्या उबेने जेल.

आता विषय निवडणाऱ्यांसाठी खरी मेख. डायलिसिसच्या पिशवीत औषध १२ तास हळूहळू झिरपलं, असा आलेख बऱ्याच प्रबंधांत दिसेल. पण पिशवी डोळे मिचकावत नाही! जेलच दहा मिनिटांत धुऊन गेलं, तर उरलेल्या तासांचं औषध नाकातून घशात. ‘किती हळू सुटतं’ आणि ‘किती वेळ टिकतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते दुसरा आधी सोडवावा. सोपी सुरुवात सांगतो : पोलोक्झामरचे ४० भाग आणि कृत्रिम अश्रूंचे ७ भाग मिसळा, ३४ अंशांवर ठेवा. पातळ झाल्यामुळे जेल बनण्याचं तापमान वर सरकतं, त्यामुळे बाटलीत छान वाटलेलं मिश्रण इथे पाण्यासारखंच राहू शकतं. मग पॉलिमर वाढवावा, तर नजर धूसर होते आणि ड्रॉपरमधून थेंब सुटत नाही.