स्पीकर कुठे ठेवावा?

सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले म्हणजे धाडसारख्या गावी आता पुष्कळ घरी एक नवे सामान येते. टीव्ही तर पूर्वीच आलेला असतो. त्याच्या जोडीला अँप्लिफायर, पाच लहान पेट्या आणि खर्जाचा आवाज देणारी एक मोठी पेटी. याला होम थिएटर म्हणतात. चार दिवस मोठी गंमत वाटते. मग आजी विचारते, "अरे, तो बोलतो काय ते कळतच नाही!" नातू उठून आवाज वाढवतो. फळीवरची भांडी थरथरू लागतात, पण आजीला शब्द काही कळत नाही. तेव्हा घरात ठरते की अँप्लिफायर कमी पडला, पुढच्या हंगामाला मोठा आणू.

मोठा अँप्लिफायर आणून ही तक्रार बहुधा जात नाही. का, ते पाहू.

प्रथम वॅटचा हिशेब. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट आणले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे आपल्याला वाटते. कानाचा हिशेब मात्र वेगळा आहे. वीजशक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. उलट पेटी ऐकणाऱ्याच्या निम्म्या अंतरावर आणली, तर तिच्याकडून थेट येणारा आवाज चौपट शक्तीचा होतो, आणि त्याला एक पैसाही पडत नाही! खोक्यावर छापलेल्या हजार वॅटच्या आकड्याला म्हणूनच फार भुलू नये.

आता शब्दाचे पाहा. पाट, ताट, खाट हे तीन शब्द म्हणून बघा. तिन्हींत जोर आहे तो 'आ' या स्वराचा. अर्थ मात्र ठरतो पहिल्या व्यंजनाने, आणि व्यंजन असते दुबळे व क्षणभराचे. खोली घुमणारी असली म्हणजे मागच्या स्वराचा घुमारा विरण्याआधीच पुढचे व्यंजन येते आणि त्या घुमाऱ्यात बुडून जाते. आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो. वयोमानाने उंच पट्टीचे ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात, म्हणून आजीची तक्रार सर्वांच्या आधी येते. तिचे कान दुखणे सांगत नसून खोलीचे दुखणे सांगत असतात.

खोलीच्या या दुखण्याचे माप घेणारा पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. १८९५ साली ते काम त्याच्याकडे आले. रिकाम्या दालनात एक आवाज काढला की तो विरायला साडेपाच सेकंद लागत. सॅबिनने काय करावे? शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडून घुमारा मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या. अशा पुष्कळ रात्री घालवल्यावर त्याला सूत्र सापडले: खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणारे पृष्ठ जितके जास्त तितका तो आखूड. शोषणाचे माप त्याने धरले ते उघड्या खिडकीचे, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हेच सूत्र आपल्या घराला लावू. बारा फूट बाय पंधरा फुटांची, दहा फूट उंचीची, स्लॅबची खोली घ्या. भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली फरशी. रिकाम्या व बंद खोलीत घुमारा तीन सेकंदांच्या आसपास भरतो. त्याच खोलीत आठ माणसे बसवा आणि पेट्यांच्या समोरच्या भिंतीवर दोन-तीन जाड गोधड्या टांगा. घुमारा एका सेकंदाच्या आत येतो. गोधडी भिंतीला चिकटवू नये, चार बोटे पुढे धरावी. जुन्या लुगड्यांची गोधडी या कामी विकतच्या फोमपेक्षा कमी नाही, असे माझे मत आहे. जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये संवाद स्पष्ट ऐकू येत, त्यातही कापडाचा वाटा होताच. पत्र्याच्या घराला वरून एक कापडी छत बांधावे. अर्थात पाऊस पत्र्यावर वाजू लागला म्हणजे सॅबिनचाही इलाज नाही.

मग पेट्यांची जागा. पाच पेट्यांपैकी संवाद येतो तो मुख्यतः मधल्या पेटीतून. नेमकी तीच कपाटावर किंवा देवळीत कोंबलेली आढळते! ती टीव्हीच्या लगत, तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे करून ठेवावी. सामानाबरोबरच्या चित्रांत माणूस सोफ्यावर बसलेला असतो. आपल्याकडे निम्मे घर सतरंजीवर बसते, आणि खाली बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आतबाहेर असतो. पेट्या उंच असल्या तर त्यांची तोंडे खाली कलती करावीत. डावी व उजवी पेटी भिंतीच्या कोपऱ्यात ढकलू नये. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द झाकतो. मोठ्या पेटीचेही तसेच, शिवाय सामाईक भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असतो. पैसे थोडे असतील तर मागच्या दोन पेट्या खुशाल राहू द्या, पण मग सेटच्या यादीत 'मागच्या पेट्या नाहीत' असे नोंदवावे. मधली पेटी न जोडता नोंद मात्र तशीच ठेवली, तर नट ओठ हलवतात आणि संवाद नाहीसा होतो.

तारेकडे कोणी बघत नाही. मागच्या पेटीपर्यंत दाराच्या चौकटीवरून तार नेली की ती सहज बारा मीटर होते, जाऊन-येऊन चोवीस. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला सुमारे ०.८ ओहम रोध असतो. पेटी चार ओहमची असेल तर सहावा हिस्सा शक्ती तारेतच जिरते. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर सहा-सात टक्क्यांवर भागते. घेताना टोक खरवडून पाहावे. लाल रंगाखाली पांढरे निघाले तर ते तांबे नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. स्पीकरची तार विजेच्या तारेच्या नळीतून नेऊ नये, आणि उंदरांची वाट चुकवून न्यावी.

लाल टोक लालला, काळे काळ्याला, हेही पाळावे. एका पेटीची टोके उलटी झाली तर एकीचा पडदा पुढे येताना दुसरीचा मागे जातो आणि खर्ज पोकळ होतो. खुणा पुसल्या असतील तर पेटी अँप्लिफायरपासून सोडवावी आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर तिच्या तारेला टेकवावा. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलचे अधिक टोक लाल समजावे. एकाच जोडणीवर दोन पेट्या लावायचा मोह होतो. आठ ओहमच्या दोन समांतर जोडल्या की चार ओहम होतात. अँप्लिफायरच्या पाठीवर तेवढे चालते असे लिहिले असेल तरच जोडाव्यात, नाही तर तो तापून जळतो.

शिक्षक बंधूभगिनींसाठी दोन शब्द. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. एका रेडिओभोवती गावकरी बसत, ऐकत, आणि मग त्यावर चर्चा करीत. शब्द कळला नाही तर चर्चा कसली? शाळेच्या लांब दालनात एका टोकाला मोठा कर्णा लावण्याऐवजी भिंतीवर थोड्या थोड्या अंतराने लहान पेट्या लावाव्या, आणि प्रत्येकीचा आवाज हळू ठेवावा. तार लांब असेल तर शंभर व्होल्टच्या लाइनचा अँप्लिफायर आणि प्रत्येक पेटीला जुळणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. वीस वॅट नेताना आठ ओहमच्या जोडणीत दीड अँपियरहून अधिक प्रवाह वाहतो, शंभर व्होल्टवर फक्त ०.२ अँपियर, म्हणून तीच तार वापरली तर तिच्यातली घट साठाव्या हिश्श्यावर येते. ही लाइन अंगाला झटका देऊ शकते, तेव्हा जोड उघडे ठेवू नयेत.

सारे जोडून झाले म्हणजे एकाने पुस्तकातले पान साध्या आवाजात ध्वनिक्षेपकावर वाचावे आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ते लिहून घ्यावे. जिथे शब्द चुकेल तिथली पेटी हलवावी.