स्टार खेळाडू स्वतःच पायलट. धोका नेमका कुठे?

पैसा आला की कुणी फार्महाऊस घेतं, कुणी महागडी गाडी. अमेरिकेतले काही बेसबॉलपटू मात्र थेट विमान घेतात आणि स्वतःच चालवतात. यात हौस असतेच, पण सोयही असते. मोसमात आज या शहरात सामना, परवा दुसऱ्या. मध्ये एखादी सुट्टी मिळाली तर घर गाठता येतं.

न्यूयॉर्क यांकीजचा कॅप्टन थर्मन मन्सन याने सेसना सायटेशन जेट घेतलं ते यासाठीच. जेट हाती येऊन काही आठवडेच झाले होते. २ ऑगस्ट १९७९ रोजी ओहायोतल्या अ‍ॅक्रन-कँटन विमानतळावर तो उड्डाण-उतरणीचा सराव करत होता. उतरताना वेग फार कमी झाला, विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं आणि पेटलं. सोबतचे दोघे वाचले. ३२ वर्षांचा मन्सन आत अडकला.

विमानाला पंखांवरून वाहणारी हवा उचलून धरते. वेग मर्यादेखाली गेला की ही उचल संपते. याला 'स्टॉल' म्हणतात. इंजिन सुरू असलं तरी विमान खाली बसतं, आणि जमिनीजवळ सावरायला उंचीच उरत नाही.

यांकीजचाच पिचर कोरी लिडल ११ ऑक्टोबर २००६ रोजी प्रशिक्षकासह न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरून जात होता. अरुंद जागेत यू-टर्न घेताना पूर्वेच्या वाऱ्याने विमान मॅनहॅटनकडे ढकललं गेलं आणि ते इमारतीवर धडकलं. दोघेही गेले.

निवृत्त पिचर रॉय हॅलाडे ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडाजवळ समुद्रात कोसळला. पाण्यावर उतरू शकणारं छोटं आयकॉन ए-५ तो पाण्यालगत उडवत होता, एकदम चढत होता, वळत होता. गुंगी आणणाऱ्या औषधांचा परिणामही तपासात नोंदवला गेला.

तिन्ही तपासांत बोट यंत्राकडे नाही, चालवणाऱ्याच्या निर्णयाकडे गेलं. एअरलाइनच्या विमानात दोन पायलट असतात, ड्युटीचे तास ठरलेले असतात, हवामान बघायला जमिनीवर वेगळी माणसं असतात. खासगी विमानात हे सगळं एकट्याच्या डोक्यावर. खासगी पायलटचं लायसन्स अमेरिकेत किमान ४० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतं. त्यात खेळाडूला मैदानात धोका पत्करायची सवय. आकाशात मात्र 'आज नको' म्हणता येणं हीच खरी कसोटी.

आता हिशेबाची बाजू. लिडलच्या विम्यात मोठी मेख होती: विमाधारक स्वतः विमान चालवत असेल तर अपघाती मृत्यूची रक्कम नाही. त्या वेळी नियंत्रण कुणाच्या हातात होतं, लिडलच्या की प्रशिक्षकाच्या, हे तपासातही ठरलं नाही. वाद कोर्टात गेला.

हे फक्त अमेरिकेतलं समजू नये. आपल्याकडच्या अनेक वैयक्तिक अपघात पॉलिसींतही विमानातला प्रवासी धरला जातो, चालवणारा नाही. घरातलं पोरगं फ्लाइंग क्लबला जात असेल, तर फीच्या पावतीबरोबर पॉलिसीतला 'काय मिळणार नाही' हा भागही आधी वाचून घ्यावा.