ठिपके मोजून वय कळत नाही

शाळेची निसर्गफेरी असो की शिवारफेरी, चित्रांग भुंगेरा (लेडीबर्ड) दिसला की कोणीतरी हमखास सांगतं, "ठिपके मोजा, तेवढी त्याची वर्षं." किती वेळा खोडून काढायचं हे? सात ठिपक्यांचा भुंगेरा सात वर्षांचा नसतो. आपल्या शेतात प्रौढ भुंगेरा काही आठवडे, फार तर काही महिने जगतो. थंड देशांत हिवाळा निपचित पडून काढणारे भुंगेरेही साधारण वर्षभरच टिकतात.

कोषातून निघालेल्या भुंगेऱ्याची पाठ फिकट पिवळी, बिनठिपक्यांची असते. काही तासांत ती टणक होते आणि ठिपके उमटतात. पुढे त्यांची संख्या बदलत नाही. द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर सोडतात त्या क्रिप्टोलिमसला तर आयुष्यभर एकही ठिपका नसतो. त्याचं वय काय, शून्य?

नक्षी ठरते ती मुळात जातीवरून. पण हार्मोनिया ॲक्सिरिडिस या एकाच आशियाई जातीत दोनशेहून अधिक नक्ष्या आढळतात: कुठे लालावर काळे ठिपके, कुठे काळ्यावर लाल, कुठे ठिपकेच नाहीत. चिनी शास्त्रज्ञ तान जियाझेन यांनी त्यांचे संकर केले. आई किंवा बाप यांपैकी एकाच्याही पाठीवर जो भाग काळा, तो पिल्लात काळाच उतरतो, हे त्यांनी 1946 साली 'जेनेटिक्स' नियतकालिकात मांडलं. यामागे 'पॅनियर' नावाचं जनुक आहे, हे 2018 मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवलं. कोषात हे जनुक जिथे जागं होतं, तिथे काळा रंग भरतो. त्यात हवामानाचाही हात असतो. कोष थंडीत राहिला तर काळा भाग वाढतो.

आणखी काही समज. हाताळल्यावर निघणारा पिवळा थेंब मूत्र नव्हे. ते सांध्यांतून सोडलेलं कडू रक्त असतं. लहान भुंगेरा म्हणजे पिल्लू नव्हे. कोषातून निघाल्यावर तो वाढत नाही. ठिपकेवाले सगळेच मित्रकीटक नसतात. अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना वांग्याची पानं खरवडून खातो.

मात्र मावा पडलेल्या फांदीवर फिरणारी, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी काळपट अळी कीड समजून फवारू नका. ती चित्रांग भुंगेऱ्याचीच अळी असते आणि तिथे मावा खायलाच आलेली असते.