गोदीच्या फाटकावरचा सिनेमा : 'ऑन द वॉटरफ्रंट'

व्हिडिओत माझ्या मागे जी लांबलचक भिंत दिसते, ती कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीची आहे. समुद्र इथून शंभरावर किलोमीटर लांब. जहाज हुगळी नदीतून चढत येतं, दरवाजे उघडून आत घेतलं जातं आणि पाणी अडवलेल्या कुंडात उभं राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही गोदी बांधली. आज बोलायचंय ते मात्र 1954 सालच्या एका अमेरिकन गुन्हेपटाबद्दल. तो समजून घ्यायला स्टुडिओपेक्षा गोदीचं फाटक बरं, म्हणून इथे आलो.

गोदीच्या कामाची एक अडचण असते. जहाज आलं तर शेकडो माणसं लागतात, नाही आलं तर एकही नको. मग मालक कायमचा कामगार ठेवत नाही. रोज सकाळी फाटकावर गर्दी जमते आणि एक माणूस बोट दाखवून निवडतो, तू ये, तू घरी जा. ज्याच्या बोटावर दोनशे चुली अवलंबून आहेत, तो माणूस लाच घेणार, व्याजानं पैसे देणार, तोंड उघडणाऱ्याला उपाशी ठेवणार. यात नवल काय? खिदिरपुरात हे सरदाराच्या हातात होतं. बिहार, ओडिशा, आंध्रातून आलेली माणसं त्याच्या टोळीत. आपल्या मुंबईत त्याला टोळीवाला म्हणत. न्यूयॉर्कच्या बंदरात हेच काम गुंडांच्या ताब्यातली युनियन करत होती.

1948 साली 'न्यूयॉर्क सन' या दैनिकात माल्कम जॉन्सन या पत्रकाराने बंदरातल्या गुन्हेगारीवर 24 लेखांची मालिका लिहिली. खून, चोरी, खंडणी, सगळं नावानिशी. त्याला पुलित्झर मिळालं. सिनेमाचं मूळ इथे आहे.

पण आधी एक वेगळाच सिनेमा होऊ घातला होता. नाटककार आर्थर मिलरने गोदी कामगारांवर 'द हुक' नावाची पटकथा लिहिली आणि दिग्दर्शक एलिया कझानबरोबर ती कोलंबिया कंपनीकडे नेली. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावानं थरकाप होता. कंपनीने सांगितलं, खलनायक गुंड नकोत, कम्युनिस्ट करा. मिलरने पटकथा मागे घेतली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक.

आता गाठ पडते ती खरी. एप्रिल 1952 मध्ये कझान संसदेच्या समितीपुढे उभा राहिला आणि पक्षात असलेल्या आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं त्याने सांगितली. ज्यांची नावं अशी घेतली जात, त्यांना हॉलिवूडचे दरवाजे बंद होत. मिलरशी मैत्री तुटली. लेखक बड शुलबर्गनेही आधीच अशी साक्ष दिलेली होती. या दोघांनी मिळून जो सिनेमा केला, त्याचा नायक टेरी मलॉय काय करतो? गोदीतल्या गुंडांविरुद्ध साक्ष देतो. वस्तीत त्याला चहाडखोर म्हणतात, आणि सिनेमा सांगतो की तोच खरा मर्द. युनियनचा गुंड झालेला ली कॉब, तोही समितीपुढे नावं देऊन आलेला. आपल्याकडे माफीच्या साक्षीदाराने स्वतःवर पोवाडा लिहावा, तसा हा प्रकार.

शुलबर्गने मात्र अभ्यास कमी केला नाही. गोदीवाल्यांच्या दारूच्या गुत्त्यांत तो बसला. कामगारांच्या बाजूने उभ्या असलेल्या फादर जॉन कॉरिडन या धर्मगुरूचं ऐकत राहिला. सिनेमातला कार्ल माल्डनचा पाद्री तो हाच. तरी पटकथा स्टुडिओंनी नाकारली. घामट हमालांची गोष्ट रंगीत, रुंद पडद्याच्या जमान्यात कोण बघणार! शेवटी सॅम स्पीगल या निर्मात्याने ती घेतली. नायक म्हणून आधी फ्रँक सिनात्राशी बोलणं झालं होतं, मग मार्लन ब्रँडो आला.

चित्रण 1953च्या हिवाळ्यात, नदीपलीकडच्या होबोकन गावात, खऱ्या धक्क्यांवर झालं. जेमतेम 36 दिवस. गर्दीत खरे गोदी कामगार, गुंडांच्या भूमिकेत खरे माजी मुष्टियोद्धे. कझानबरोबर अंगरक्षक असायचा. थंडीत निघणारी वाफ बोरिस कॉफमनच्या कॅमेऱ्याने तशीच टिपली आणि ती माणसं हिंडती-फिरती दिसतात, नटलेली नाहीत. टॅक्सीतला दोन भावांचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मागच्या काचेला पडदा का आहे माहितीय? मागे रस्ता दाखवायची यंत्रणाच वेळेवर मिळाली नव्हती! नऊ लाख डॉलरच्या आसपास खर्चात काम उरकायचं तर असा जुगाड आला.

28 जुलै 1954ला न्यूयॉर्कमध्ये सिनेमा लागला आणि खर्चाच्या कितीतरी पट कमावला. बारा नामांकनांतून आठ ऑस्कर. कझानला मात्र काहींनी कधीच माफ केलं नाही. 1999 साली त्याला मानाचा ऑस्कर दिला, तेव्हाही सभागृहात काहीजण हाताची घडी घालून बसून राहिले.

सिनेमातला मला सर्वांत खरा वाटणारा प्रसंग टॅक्सीचा नाही. मुकादम कामाचे बिल्ले जमिनीवर फेकतो आणि माणसं ते उचलायला एकमेकांवर पडतात, तो. असं फाटक बंद कशानं झालं? आपल्याकडे 1948च्या गोदी कामगार कायद्याने. कामगारांची नोंदणी, पाळीने काम, काम नसलं तरी हजेरीचे काही पैसे. मुंबईत 1951 साली आणि पाठोपाठ कलकत्त्यात या योजना आल्या. मुंबईच्या गोदीत पी. डिमेलोंनी संघटना बांधली, रस्त्याला नाव आहे ते त्यांचंच. पुढे 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून, तोही याच वळणाचा. न्यूयॉर्कमध्येही 1953च्या अखेरीस बंदर आयोगाने फाटकावरची निवड बंद केली, म्हणजे सिनेमा लागण्याच्या आधीच. सिनेमात यातलं काही नाही. तिथे एकटा टेरी मार खातो, रक्तबंबाळ चालत जातो आणि सगळे त्याच्या मागे आत जातात. आत कुणाच्या अटीवर जातात, हे कझान दाखवत नाही.

हिंदीत 'कब्जा' (1988) आणि 'गुलाम' (1998) याच गोष्टीवर बेतले. 'गुलाम'मध्ये मुष्टियुद्ध आलं, गुंडाच्या पदरी असलेला भाऊ आला, शेवटचं मार खाऊन उभं राहणं आलं. गोदी तेवढी गेली. वस्तीतल्या दुकानदारांचा हप्ता उरला. मुंबईत गोदी असताना ती गाळावी लागली, हे मला जरा चमत्कारिकच वाटतं.

आणि शुलबर्गलाही शेवट पटला नव्हता. 1955 साली त्याने 'वॉटरफ्रंट' कादंबरी लिहिली, त्यात टेरीचा खून होतो. ज्याच्यावरून टेरी घेतला तो अँथनी डीव्हिन्सेंझो, बंदराच्या चौकशीत खरोखर साक्ष दिलेला होबोकनचा माणूस. आपली गोष्ट न विचारता वापरली म्हणून त्याने कोलंबियावर खटला भरला. कंपनीने पैसे देऊन प्रकरण मिटवलं.